पासबुक नसलेली माणसं

वर्षाचं तिखट करायला घेतलं की मिरची कुठली, हे आपण दुकानदाराला आवर्जून विचारतो. ती कुणी तोडली, हे मात्र विचारत नाही. तेलंगणातल्या खम्मम-वरंगलकडच्या मिरचीला गडचिरोली-चंद्रपूरच्या मजुरांचे हात लागलेले असतात.

कुरखेडा हा धानाचा मुलूख. शेती बहुतेक पावसावरची, पीक एकच. धान घरात आलं की मोहफुलं आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता येईतो हाताला काम नाही. मग मुकादम उचल देतो, गाडी येते आणि माणसं मिरचीला जातात. तरणी पोरं हैदराबाद-नागपूरकडे इमारतींच्या कामावर जातात.

माझा जन्म बँकेच्या खतावण्यांत गेला. ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, हा तिथला पहिला धडा. म्हणूनच १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा वाचताना एका कलमापाशी मी थबकलो. ठेकेदारानं प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. कामाचं ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, कपात, परतीचं भाडं, सारं त्यात लिहायचं आणि तेही मजुराच्या भाषेत. म्हणजे इथे मराठीत, गोंडीत! मिरचीहून परतलेली माणसं काउंटरवर बचतीचं पासबुक पुढे करायची. हे दुसरं पासबुक मला कुणाच्याच पिशवीत दिसलं नाही.

त्याची किंमत २०२० च्या मार्चमध्ये कळली. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि या दोन जिल्ह्यांतले हजारो मजूर तेलंगणात अडकले. कोण, कुठे, कुणाच्या रानात, हे सांगणारी वही गावात नव्हती. कित्येक जण लेकरंबाळं घेऊन पायीच निघाले.

पुढे २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी आणि कुठेही चालणाऱ्या रेशनकार्डासाठी सरकारांना मुदत घालून दिली. त्याच ऑगस्टमध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. मुकादमाविना, आपल्या आपण परराज्यात गेलेल्यालाही तिनं स्थलांतरित कामगार मानलं, हे चांगलंच झालं. पण पूर्वी पाच मजुरांना मिळणारं संरक्षण आता दहांपासून सुरू होतं, आणि विस्थापन भत्ताही गेला. सात-आठ जणांची टोळी त्यातून निसटते. ई-श्रमचं कार्ड माणूस कोण ते सांगतं. तो आज कुणाकडे, कोणत्या दरानं राबतो आहे, ते सांगत नाही.

म्हणून वाटतं, ग्रामपंचायतीनंच एक वही ठेवावी. गाडी सुटण्याआधी पाच रकाने भरावेत: मजुराचं नाव, मुकादम आणि त्याचा फोन, कामाचं गाव, ठरलेला दर, घेतलेली उचल. मजुरी बुडाली तर तक्रारीला आधार, काही बरंवाईट झालं तर घरच्यांना ठावठिकाणा. खर्च एका दोनशे पानी वहीचा. बँकेत लाखांचे व्यवहार अशाच रकान्यांवर उभे असतात. मग घामाच्या व्यवहारालाच नोंद का नसावी?