सालपापडी आणि व्हिएतनामी शेगडी

ज्या देशांत भात हें नित्याचें अन्न, तेथील गृहिणींना तांदळाचीच पातळ पापडी करून ती उन्हांत वाळवून ठेवावी असें सुचलें, यांत नवल नाहीं. नवल आहे तें असें कीं, महाराष्ट्र आणि व्हिएतनाम यांच्यामध्यें हजारों मैलांचें अंतर असतां दोन्हीकडील पापडी जवळजवळ एकाच रीतीनें तयार होते.

आपल्याकडे तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, बारीक वाटतात. तें सरबरीत पीठ पानावर किंवा ताटलींत पसरून वाफवितात आणि शिजलेला पापुद्रा सालीप्रमाणें सोलून वाळवितात. हीच सालपापडी. व्हिएतनामांत उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर पीठ पसरतात. वाफेवर शिजलेला पापुद्रा बांबूच्या काडीनें उचलून बांबूच्याच तट्ट्यांवर उन्हांत घालतात.

या पापुद्र्यापासून तेथें रस्त्यांवर, विशेषतः दालात या थंड हवेच्या डोंगरी शहरांत, एक चटकदार खाद्य भाजून देतात. त्याचें नांव ‘बान्ह त्रांग नुओंग’, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची पापडी. तिच्यावर अंडें, पातीचा कांदा, वाळविलेली बारीक कोळंबी आणि तिखट चटणी घालतात.

नवी मुंबईंतील घरास हें साहित्य परकें नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि पुढें ९५ गांवांच्या जमिनींवर हें शहर उभें राहिलें. भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागीं इमारती आल्या. तथापि आगरी व कोळी घरांतील तांदूळ आणि सुकी मासळी यांचें नातें तुटलें नाहीं. बेलापूरजवळील दिवाळ्यासारख्या कोळी गांवाच्या शेजारीं राहणाऱ्यांस जवळा काय हें सांगावें लागत नाहीं. वाळविलेल्या कोळंबीचें काम हा जवळा उत्तम करतो.

कृति अशी. जवळा निवडून, कचरा व वाळू काढून, कोरडाच खमंग भाजून घ्यावा. पापडीवर तो क्षणभरच राहतो, तेवढ्यांत त्याचा उग्र वास जात नाहीं. एक अंडें फेटून त्यांत बारीक चिरलेली कांद्याची पात घालावी. मीठ घालूं नये, कारण तें पापडींत आहे आणि बहुधा जवळ्यांतही असतें. एवढें मिश्रण तळहाताएवढ्या तीन-चार पापड्यांस पुरतें. बाजारांतील व्हिएतनामी पापुद्रा मिळाल्यास तोही चालतो. मात्र तो भिजवूं नये.

कोळशाची शेगडी नसल्यास गॅसवर जाळी ठेवावी व आंच अगदीं मंद करावी. पापडी जाळीवर ठेवतांच चमचाभर मिश्रण पातळ पसरावें, वर जवळा भुरभुरावा आणि चिमट्यानें पापडी सारखी फिरवीत राहावें. कडा वर वळूं लागल्यास घडी केलेल्या फडक्यानें हलकेंच दाबाव्या. अंडें पूर्ण घट्ट झालें व खालची बाजू कुरकुरीत झाली कीं मिरचीची चटणी लावून, दुमडून, लागलीच वाढावी. जेथें अंडें व मासळी वर्ज्य, तेथें किसलेलें चीज व दाण्याचें कूट घालावें.

सारें कौशल्य आंचेंत आहे. वाळलेल्या पापडींत पाण्याचा अंश थोडा उरलेला असतो. उष्णतेनें त्याची वाफ होते, मऊ झालेल्या पिठांत बारीक फोड उठतात आणि पापडी पांढरी व हलकी होते. वरच्या ओल्या अंड्यामुळें मात्र तिला पुन्हां ओल चढते. आंच प्रखर असेल तर ही ओल आटण्यापूर्वींच खालची बाजू करपते. अंड्याचा थर जाड असेल तर पापडी चामड्यासारखी चिवट होते. पातळ थर, मंद आंच आणि न थांबणारा हात यांनींच दोन्ही दोष टळतात.

अंगणें गेलीं, सज्जांत ऊन हातभरच येतें, आणि तळून पानाच्या कडेला वाढण्यापुरती सालपापडी करण्याचा तीन दिवसांचा खटाटोप पुष्कळ घरांनीं सोडून दिला आहे. तीच पापडी संध्याकाळच्या खाण्याचा मुख्य पदार्थ होऊं शकते, हें दूरच्या एका देशानें दाखवून दिलें आहे. उपयोग वाढला तर वैशाखाच्या उन्हांत ती पुन्हां वाळत पडेल, आणि तीन दिवसांच्या श्रमाचें चीज होईल.