घराखालची तीस मीटर जमीन

गटाच्या बैठकांत सध्या घरांचा विषय फार निघतो. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी आल्याच्या पैशातून वरचा मजला चढवतंय, कुणाचे लेक-जावई पुण्यात फ्लॅट बघतायत. सिमेंट कुठलं, सळई किती जाड, फरशीचा रंग कोणता, यावर तासभर बोलणं होतं. ज्या जमिनीवर हे सगळं उभं राहणार तिच्याबद्दल मात्र "प्लॉट चांगला आहे, रस्त्याला लागून आहे" एवढंच. आज आपण त्या जमिनीबद्दल बोलू. भूकंप झाला तर ती किती हलेल, आणि ते आधी मोजता येतं का?

आपल्याकडे भूकंप म्हटलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. तीव्रता ६.३. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, वीजकेंद्र थांबलं आणि पार मुंबईचे कारखाने बंद पडले. कोरेगाव तिथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेली सासू किंवा आजेसासू असेल तर तिला त्या पहाटेचं विचारा. आणि एक जास्तीचं विचारा: नदीकडच्या आळीला जास्त हादरा बसला होता का माळावरच्या?

हे उगाच विचारायला सांगत नाही. भूकंपाच्या केंद्रापासून तुम्ही किती लांब आहात यावर हादरा ठरतोच, पण तेवढ्यावरच ठरत नाही. पाटावर खरवसाची ताटली ठेवा आणि पाटाला खालून टिचकी मारा. पाट हलल्याचं कळतही नाही, खरवस मात्र डुलत राहतो. जमिनीचं तसंच आहे. खाली कठीण पाषाण, वर मऊ माती. पाषाणातून भूकंपाची लहर भरधाव येते आणि मातीत शिरताच तिचा वेग पडतो. आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाड्या हळू झाल्या की मागच्या येऊन चिकटतात, तशी लहरीची ताकद थोड्या जागेत गोळा होते आणि हेलकावा मोठा होतो. जितका वेग कमी, तितकं डुलणं जास्त. म्हणून जमिनीतल्या लहरीचा वेग मोजला की ती जमीन किती डुलेल याचा अंदाज येतो.

लांबच्या भूकंपानं शहर कसं पडतं याचं मोठं उदाहरण मेक्सिको देशाच्या राजधानीचं. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप समुद्रकाठी, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब झाला. पण ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं. तळ्याच्या भागातल्या कितीतरी इमारती कोसळल्या, शेजारच्या टेकडीवरच्या बहुतेक शाबूत राहिल्या. आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला कच्छमध्ये, आणि सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तिथे बांधकामाचे दोष होतेच, पण खाली साबरमतीच्या गाळाचा जाड थरही होता.

आता मोजतात कसं ते सांगतो. ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? मोकळी जागा लागते, शाळेचं मैदान चालतं. तिथे सरळ रांगेत एक किंवा दोन मीटर अंतरावर साधारण २४ छोटे खुंटे जमिनीत टोचतात. त्यांना जिओफोन म्हणतात; जमिनीची बारीकशी थरथरही त्यांना कळते. सगळ्यांच्या तारा एका यंत्राला जोडलेल्या. रांगेच्या टोकापासून थोड्या अंतरावर लोखंडाची जाड पाटी ठेवतात आणि आठ-दहा किलोच्या घणानं तिच्यावर दणका देतात. दणक्याची लहर एकेका खुंट्यापाशी कधी पोचली त्याची नोंद होते. यात मजा अशी की बारीक लहरी जमिनीच्या वरच्या थरातच धावतात आणि लांब लहरी खोलवरचा थरही सोबत घेऊन चालतात. कोणती लहर किती वेगानं गेली हे पाहून, न खणता, खालचे थर किती जाड आणि किती घट्ट ते गणितानं काढता येतं. जिथे घण चालवता येत नाही अशा गर्दीच्या शहरात रहदारीनं जमीन जी सतत थरथरते तीच मोजतात.

जो वेग काढायचा तो जमिनीला आडवं हलवणाऱ्या लहरीचा. घराला मुख्यतः तीच पाडते. शिवाय ही लहर पाण्यातून जात नाही, त्यामुळे जमिनीत पाणी असलं तरी आकडा मातीच्या घट्टपणाचाच मिळतो.

मऊ काळ्या मातीत हा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे मीटर असतो. मुरमात तीनशेच्या पुढे. ताज्या काळ्या पाषाणात हजार-दीड हजाराच्याही वर. जगभर वरच्या ३० मीटरचा, म्हणजे शंभर फुटांचा, सरासरी वेग काढायची रीत पडली आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षं चाललेली वर्गवारी अशी: ७६० च्या वर खडक, ३६० ते ७६० घट्ट जमीन, १८० ते ३६० मध्यम, आणि १८० च्या खाली मऊ, म्हणजे सावध राहायची जमीन.

ही सरासरी काढताना मात्र एक गंमत आहे. समजा एका विहिरीत वर ६ मीटर काळी माती, खाली ९ मीटर मुरूम, त्याखाली १५ मीटर पाषाण. वेग अनुक्रमे १५०, ३०० आणि १५००. अर्धी विहीर पाषाणाची, तेव्हा सरासरी आठ-नऊशे तरी येईल असं वाटतं. पण इथे वेळ मोजायचा असतो. मातीतून जायला लहरीला सेकंदाचे शंभरातले ४ भाग लागले, मुरमातून ३, पाषाणातून फक्त १. एकूण ८. तीस मीटरला ०.०८ सेकंद, म्हणजे वेग ३७५. नांगरटीतून चालत जाऊन मग डांबरी रस्त्यावर एसटी मिळाली, तर अंतर एसटीनं जास्त कापलं तरी वेळ नांगरटीतच गेलेला असतो, तसं हे. सहा मीटर मातीनं अख्ख्या पाषाणाचा आकडा खाली ओढला.

आणि या एका आकड्यावरही आमचा पूर्ण भरवसा नाही. जमिनीला स्वतःचा झोका असतो, इमारतीलाही असतो. नागपंचमीला झोका मागून ढकलताना बरोबर त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो. जमिनीची लय आणि इमारतीची लय जुळली तर तेच होतं. इमारतीचा झोका ढोबळमानानं मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. जमिनीचा काढायचा तर मऊ थरातून वर यायला लहरीला जो वेळ लागतो त्याची चौपट करायची. आपल्या विहिरीत माती आणि मुरूम मिळून ०.०७ सेकंद, त्याची चौपट ०.२८. म्हणजे त्या जागेची लय दोन-तीन मजली घराच्या लयीजवळ जाते. सरासरीनं ३७५, "घट्ट जमीन", असं सर्टिफिकेट दिलं, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत आज जी घरं उठतायत ती नेमकी दोन-तीन मजल्यांची! कठीण पाषाणावर पातळ मऊ थर, ही दख्खनच्या जमिनीची खास गोष्ट. नुसता सरासरीचा आकडा तिला पुरत नाही.

मोठ्या शहरांचे असे नकाशे झालेत. जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी इथे भागवार अभ्यास झाला. बंगळूरमध्ये तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेनं घणाच्या याच पद्धतीनं पन्नासहून जास्त जागा मोजल्या. आपल्या कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. कोयनेचे भूकंप समजून घ्यायला तिनं गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. तिथे काळ्या पाषाणाची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली. ते काम भूकंप का होतो याचं. आपल्या घराखालच्या तीस मीटरचं काम वेगळं, आणि छोट्या गावांत ते क्वचितच होतं.

"पण झोनचा नकाशा आहे ना?" असं कुणीतरी म्हणेल. आहे. त्यात कोयनेभोवतीचा भाग चौथ्या झोनमध्ये दाखवत आलेत. पण तो नकाशा म्हणजे तालुक्याच्या पर्जन्यमापकातला आकडा. तुमच्या शेतात किती पडला ते तो सांगत नाही. वासना नदीकाठची गाळाची जमीन आणि जरंडेश्वराच्या पायथ्याचा मुरमाड माळ नकाशावर एकाच रंगात दिसणार. शिवाय नकाशेही बदलतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. तिथे हजारो माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड धाबं अंगावर पडून. तेव्हा जमीन कितीही चांगली असली तरी भिंतीतल्या आडव्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि कोपऱ्यातल्या सळया टाळून चालत नाही.

मग आपण काय करायचं? एका घरासाठी घण आणि जिओफोन मागवणं बहुतेकींना जमणार नाही. पण शाळा, ग्रामपंचायतीची इमारत, आरोग्य केंद्र किंवा बाजारपेठेतली चार मजली इमारत होणार असेल, तर ग्रामसभेत "मातीची तपासणी झाली का?" हे विचारायला काही खर्च नाही. ही तपासणी म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश नव्हे. बांधकामासाठी बोअर घेऊन त्यात साडेत्रेसष्ट किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. दहापेक्षा कमी ठोके म्हणजे मऊ जमीन, तीसपेक्षा जास्त म्हणजे घट्ट. भूकंपासाठीचे आपले भारतीय नियम जमिनीचा प्रकार या ठोक्यांवरून ठरवत आलेत. लेकीनं पुण्यात फ्लॅट बघितला तर बिल्डरकडे हाच अहवाल मागायचा, आणि जागा पूर्वी ओढा किंवा तळं बुजवून केलेली नाही ना, हेही विचारायचं.

स्वतःच्या घरासाठी जवळची विहीर बघा. विहीर खणणाऱ्याला विचारा: माती किती हातांवर संपली, मुरूम किती, सुरुंग कुठून लावावा लागला? हे कागदावर लिहून पाया घालायच्या आधी इंजिनिअरला दाखवा. काळी माती दोन-तीन हातच असेल तर ती काढून पाया मुरमावर टेकवा. गवंडी हे भेगांच्या भीतीनं सांगतोच, भूकंपालाही ते चालतं. माती खोल असेल तर पाया कसा घ्यायचा आणि मजले किती चढवायचे हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि वर दिलेलं विहिरीचं गणित आपापल्या विहिरीचे आकडे घालून करून बघा; दहावीतल्या पोरीला सोबत घेतलं तर पाच मिनिटांत होतं.