डोक्यावर बर्फ कोणी ठेवायचा? धंदा, ‘कूल’पणा आणि आपले तरुण

‘डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर’ हे धंद्याचं सूत्र मराठी माणसाला नवीन नाही. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी दुकानदाराने तापायचं नाही. गंमत अशी की एरवी मराठीत ‘थंड’ हे काही कौतुक नव्हे. थंड माणूस म्हणजे निरुत्साही, आणि थंड डोक्याने केलेला गुन्हा तर जास्तच वाईट. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मात्र हाच थंडपणा शोभतो.

आज तो शब्द ‘कूल’ होऊन परत आला आहे. जांबे, मारुंजी, नेरे हा पट्टा हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. इथल्या तरुणांशी बोललं की कळतं, कूल म्हणजे नुसती नोकरी करणारा नाही, तर नोकरी सोडून स्टार्टअप काढणारा. डिसेंबर २०२१ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झाल्यापासून भांडवल, हिस्सा, नफा हे शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर आले आहेत. आपल्या वस्तीतली मुलंही यात आहेत. ‘शांत राहा, आत्मविश्वास ठेवा, मग जमतं’ असं त्यांना व्हिडिओंमधून सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की धंद्यातला थंडपणा हा फक्त स्वभावाचा भाग नाही. ज्याच्या मागे पाठबळ आहे त्यालाच तो परवडतो.

आधी आपल्या परंपरेत व्यापारी कसा दिसतो ते पाहू. बुद्धांना संबोधीनंतर पहिलं अन्नदान करणारे तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारी होते. जेतवन विकत घेणारा अनाथपिंडिक श्रेष्ठी होता. आपल्याच जिल्ह्यात कार्ल्याचं चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केल्याचं तिथला शिलालेख सांगतो. त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी माल विकणाऱ्याचं, दान कोरलेलं आहे. बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं नाव आहे. सहलीला जाऊन फोटो काढणाऱ्यांनी ही नावंही वाचावीत. डोंगर कोरायला पैसा लागतो, आणि तो व्यापारी मार्गावरून आला.

जातककथांत व्यापारी चांगलाही आहे आणि वाईटही. सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले आहेत. एका गरीब घरात मळकट थाळी निघते, ती सोन्याची असते. पहिला ते ओळखतो, पण फुकटात मिळवायची म्हणून थाळी फेकून निघून जातो. दुसरा खरी किंमत सांगतो आणि जवळ आहे तेवढं सगळं देऊन ती घेतो. पहिला परत येतो, थाळी गेल्याचं कळतं, आणि संतापाने त्याचं काळीज अक्षरशः तापून फुटतं. लोभ म्हणजे ताप, हे इथे रूपक राहत नाही. उलट बाजूला पालीतला ‘सीतिभूत’ हा शब्द आहे. तो निवालेल्या माणसासाठी वापरतात, ज्याच्यातली लोभ-द्वेष-मोहाची आग विझली आहे. बौद्ध अर्थाने कूल असणं हे इतकं जुनं आणि इतकं कडक आहे. काळा गॉगल लावून ते येत नाही.

इंग्रजीतल्या ‘कूल’चा प्रवासही सुखाचा नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत ‘इतुतु’ म्हणजे शीतलता हा चारित्र्याचा गुण मानतात. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या अभ्यासकाने १९७३ साली त्यावर लिहिलं. अमेरिकेत काळ्या माणसाने गोऱ्यासमोर राग दाखवणं जिवावर बेतू शकत होतं. चेहऱ्यावर काही न दाखवणं हे त्याचं संरक्षणही होतं आणि स्वाभिमानही. जॅझ वाजवणाऱ्यांनी त्याची शैली केली. पुढे जाहिरात कंपन्यांनी तीच शैली कपड्यांत आणि गाड्यांत भरून विकली. थॉमस फ्रँक यांचं १९९७ चं पुस्तक याच विषयावर आहे. ज्यांनी सोसताना ती शांतता कमावली, त्यांना तिच्या विक्रीतून फार काही मिळालं नाही. ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे व्यापाऱ्याबद्दल राग होता आणि त्याला कारण होतं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. जोतीरावांनी शेटजी आणि भटजी यांची जोडी उघडी पाडली. बाबासाहेबांनी १९३८ च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यामुळे ‘आपण धंद्यात उतरावं’ म्हटलं की जुने कार्यकर्ते भुवया उंचावतात. पण बाबासाहेबांनी स्वतः धंदा करून पाहिला होता, हे कमी सांगितलं जातं. बडोद्याहून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर बाजाराबद्दल सल्ला देणारी पेढी काढली. सुरुवात बरी झाली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं आणि पेढी बंद पडली. अर्थशास्त्रातला एवढा मोठा माणूस. त्यांच्या ज्ञानात किंवा संयमात काय कमी होतं?

याचं उत्तर अंगुत्तर निकायात सापडतं, असं मला वाटतं. तिथे यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. एक, त्याला नजर असते: माल केवढ्याला घेतला, केवढ्याला जाईल, नफा किती. दोन, तो खरेदी-विक्रीत तरबेज असतो. तिसरा गुण ‘निस्सयसंपन्न’, म्हणजे आधार असलेला: पैसेवाले लोक त्याला ओळखतात, विश्वासाने भांडवल देतात. पहिले दोन गुण माणसाचे स्वतःचे. तिसरा दुसऱ्यांनी द्यायचा असतो, आणि जात नेमकी तिथेच आडवी येते.

चुल्लकसेट्ठि जातक वाचा. एक गरीब तरुण मेलेला उंदीर मांजरासाठी विकतो, त्या चिल्लरीतून गूळ घेतो, आणि फुलं वेचून थकलेल्या लोकांना गूळ आणि प्यायला पाणी देतो. ते त्याला फुलं देतात. पुढे गवत कापणाऱ्यांना पाणी पाजून तो आणखी पुढे जातो, आणि शेवटी जहाजाचा माल नुसत्या अंगठीच्या विसारावर आपल्या नावावर करतो. स्टार्टअपच्या वर्गात शिकवावी अशी कथा. पण हीच कथा शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात घडवून बघा. महाडला १९२७ साली ज्या पाण्यासाठी लढावं लागलं, ते पाणी आपल्या माणसाच्या हातून विकत कोणी घेतलं असतं? चहा, सरबत, खानावळ हे सगळ्यात कमी भांडवलाचे धंदे, आणि शिवाशिवीने नेमके तेच बंद केले. कथेतल्या तरुणाची पहिली पायरीच आपल्याला नव्हती.

आता परिस्थिती बदलली आहे, पण पूर्ण नाही. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ संस्था काढली. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के खरेदी करण्याचं उद्दिष्ट आलं. २०१६ च्या ‘स्टँड अप इंडिया’ने प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या कर्जदाराला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावं असं सांगितलं. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित भांडवलशाहीच्या कल्पनेवर टीका केली, ती मला बऱ्याच अंशी पटते: चार उद्योजक मोठे झाल्याने बिगारी कामावरच्या आपल्या माणसाची मजुरी वाढत नाही. तरीही मुलगा गाळा भाड्याने घ्यायला निघाला की त्याला ‘थांब, आधी क्रांती होऊ दे’ असं सांगायला माझी जीभ वळत नाही.

त्याच्यापुढचे प्रश्न साधे आहेत. पाटीवर आडनाव लिहायचं का? ‘तथागत’ नाव द्यायचं की कुठल्याही जातीचं वाटेल असं? आणि एक प्रश्न आपल्याच घरातला. वस्तीतली माणसं रोखीचा किराणा चौकातल्या मोठ्या दुकानातून आणतात आणि महिनाअखेरीला उधारी मागायला आपल्या पोराच्या दुकानात येतात. निस्सय म्हणजे बँकच असते असं नाही. विहारात वर्षावासाची, जयंतीची वर्गणी जमते. त्या वेळी मंडप, जेवण, छपाई कोणाकडून घेतली आणि बिल किती दिवसांनी दिलं, याची वही पुढच्या बैठकीत उघडून बघायला हरकत नाही. तीन महिने थकलेल्या बिलासाठी वर्गणीदारांच्याच दारात जाऊन हसतमुखाने उभं राहायचं असेल, तर डोक्यावर बर्फाची लादी ठेवली तरी पुरणार नाही.