मेंदू शांत करणारी औषधे : फेनिटोइन आणि शंखपुष्पी

१९९२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी एक छोटा पण फार मोलाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अपस्माराच्या दोन रुग्णांवर फेनिटोइनचे उपचार चालू होते. आटोक्यात असलेल्या फिट्स त्यांना अनपेक्षितपणे पुन्हा येऊ लागल्या आणि रक्त तपासले तर त्यातले फेनिटोइन घटलेले. दोघेही शंखपुष्पीचे सिरप घेत होते. बुद्धी वाढावी, डोके शांत राहावे म्हणून आपल्याकडे घरोघरी दिले जाते तेच. मग या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. काही दिवस दोन्ही औषधे बरोबर दिली, तेव्हा फेनिटोइनची रक्तातली पातळीही घसरली आणि फिट रोखण्याची ताकदही. त्याच प्रयोगांत नुसत्या शंखपुष्पीत फिट रोखण्याचा थोडा गुण दिसला होता, ही गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. मेंदू शांत करणारी दोन औषधे एकत्र आली आणि मेंदू अधिक अशांत झाला.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी मेंदूची शांतता म्हणजे काय ते पाहायला हवे. चेतापेशीत सोडियमचे आयन शिरले की विद्युत्लहर उठते. एरवी लक्षावधी पेशी आपापल्या वेळी, आपापल्या कामापुरत्या बोलत असतात. मंडईत जसे जो तो आपल्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो, तसे. फिट येते तेव्हा पेशींचा मोठा समूह एकाच तालात, एकाच वेळी ओरडू लागतो. कुठल्या भागातल्या पेशी ओरडतात त्यावर हात झटकतो, नजर शून्यात लागते की सारे शरीर ताठ होते ते ठरते. म्हणजे बिघाड जागेपणात नाही, एकसाथ ओरडण्यात आहे.

हा भेद वैद्यकाच्या लक्षात यायला बराच काळ गेला. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. त्याने फिट्स कमी व्हायच्या, पण रुग्ण सुस्त, मंद होऊन जायचा. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी अपस्माराच्या रुग्णांना झोपेसाठी फेनोबार्बिटल दिले, आणि फिट्सही कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे गुंगी आणल्याशिवाय फिट थांबणार नाही अशी समजूत पक्की होत गेली. ती मोडली १९३८ साली. अमेरिकेत बोस्टनमध्ये ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन एकामागून एक रसायने तपासली, त्यात फेनिटोइन हाती लागले. हे रसायन १९०८ सालीच तयार झाले होते, पण त्याने झोप येत नाही म्हणून कुणी त्याकडे पाहिले नव्हते. आता तोच त्याचा गुण ठरला.

फेनिटोइन सोडियमच्या मार्गांवर बसते, आणि तेही मोठ्या चतुराईने. लहर उठून गेल्यावर हे मार्ग क्षणभर बंद राहतात व मग पुन्हा तयार होतात. फेनिटोइन त्या बंद अवस्थेला चिकटते आणि तो क्षण लांबवते. सावकाश काम करणाऱ्या पेशीला याचा फारसा फरक पडत नाही. सेकंदाला शेकडो वेळा पेटणाऱ्या पेशीला मात्र दम घ्यायला भाग पडते. कार्बामाझेपिनही याच रीतीने काम करते.

दुसरी रीत गाबा या रसायनाची. ते मेंदूत असल्याचे १९५० साली कळले. गाबा चेतापेशीवरच्या आपल्या ग्राहीवर बसले की क्लोराइडचे ऋणभारित आयन आत येतात आणि पेशी पेटायला कठीण होते. फेनोबार्बिटल क्लोराइडचा हा मार्ग जास्त वेळ उघडा ठेवते. डायझेपाम, क्लोबाझाम, मिडाझोलाम ही औषधे तो वरचेवर उघडायला लावतात. गाबा साऱ्या मेंदूत असल्याने फिट थांबते तशी झोपही येते, तोल जातो आणि सवयही लागते. लांबलेली फिट थांबवायला आज नाकात मिडाझोलामचा फवारा देता येतो, तो याच वाटेने काम करतो.

आपल्या वनस्पतींपैकी तगर या वाटेच्या जवळची. तगर ज्या कुळातली आहे त्यातल्या युरोपीय व्हॅलेरियनमधले व्हॅलेरेनिक आम्ल गाबाच्या ग्राहीवर परिणाम करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. झोपेसाठी माणसांवर झालेल्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. जटामांसी याच घराण्यातली. हिमालयातून ती इतकी खणली गेली आहे की तिची जात आज धोक्यात आहे.

सर्पगंधेची वाट पूर्ण निराळी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते गाबाला हातही लावत नाही. चेतापेशींच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांचे साठे असतात, ते रिसर्पिन रिकामे करते. माणूस निवळतो, कधी उदासही होतो. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत रिसर्पिनने फिट येणे अधिक सोपे झाले. बाहेरून शांत दिसणारा मेंदू आतून फिटला अधिक जवळ असू शकतो. म्हणूनच ‘झोप लागते, तर फिटवरही चालेल’ हा आपल्याकडचा तर्क मला धोक्याचा वाटतो.

वनस्पती आणि गोळी यांतले नाते किती जवळचे असू शकते ते व्हॅल्प्रोएटकडे पाहिले की कळते. व्हॅलेरियनच्या मुळांत व्हॅलेरिक आम्ल असते. त्याच्याशी रचनेने नाते सांगणारे व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे ऐंशी वर्षे नुसते द्रावक म्हणून वापरले गेले. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे पिएर एमार काही नवी संयुगे त्यात विरघळवून तपासत होते. जे विरघळवावे ते फिट रोखायचे! अखेर गुण संयुगांचा नसून द्रावकाचाच असल्याचे उघड झाले. आज ते जगभर वापरले जाते. पण गरोदरपणी घेतल्यास सुमारे दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग असते, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. मूळ वनस्पतीत असो की कारखान्यात, रसायन हे रसायनच असते.

आता पुन्हा फेनिटोइनकडे. यकृत ते एका मर्यादेपर्यंतच निकामी करू शकते. त्या मर्यादेजवळ मात्रा थोडी वाढली तरी रक्तातली पातळी एकदम चढते, थोडी घटली तरी झरझर उतरते. साधारणपणे मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात ते ठेवावे लागते. असे औषध दुसऱ्या कुठल्याही पदार्थाच्या धक्क्याने डगमगते. शंखपुष्पीच्या प्रयोगांत तर एकदाच सिरप दिल्यावर पातळी न बदलताही फेनिटोइनचा परिणाम कमी झाला होता. याचा अर्थ रक्ततपासणी ठीक आली म्हणजे निर्धास्त व्हावे, असेही नाही.

फिटवर ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत छुपे फेनोबार्बिटल सापडले आहे. रुग्णाला गुण येतो, पुडी संपते, किंवा तो विश्वासाने ती बंद करतो, आणि फेनोबार्बिटल अचानक तुटल्याने एकामागून एक फिट्स सुरू होतात. पुडीत काय होते हे दवाखान्यात कुणालाच सांगता येत नाही. या व्यवहाराबद्दल मला मनापासून संताप आहे. यात आयुर्वेदाचाही घात होतो आणि माणसाचाही.

तेव्हा एवढे कराच. घरात कुणाला फिटची गोळी चालू असेल तर पुढच्या तपासणीला जाताना सिरप, चूर्ण, काढा, वैद्यांचे औषध, जे काही पोटात जाते ते सारे बाटल्यांसकट डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू नका. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बहिणींनी मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर थेट रुग्णालय गाठा.