काळ्या पडद्यापुढे आई आणि लेक

बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात युनिक्स हा विषय आला आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आले. उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. युनिक्सचे प्राथमिक धडे त्यावर गिरवता येतात आणि ते फुकट मिळते. लॅपटॉप एकच, मोकळा वेळ रात्रीचा. म्हणून आम्ही दोघी एकत्रच बसू लागलो, कॉलेजात जाणारी लेक आणि घरी शिवणकाम करणारी तिची आई.

टर्मिनल उघडले की काळा पडदा आणि लुकलुकणारी एक खूण, बाकी काही नाही. पहिला आठवडा तीनच आज्ञा शिकलो. 'पीडब्ल्यूडी' लिहिले की आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभ्या आहोत ते कळते (आपल्याकडे हे रस्ते बांधणारे खाते, म्हणून लगेच लक्षात राहिले). 'एलएस'ने तिथे काय काय आहे ते दिसते, 'सीडी'ने दुसरीकडे जाता येते. अडले तर 'मॅन' लिहून माहिती वाचायची. पहिल्यांदा त्या माहितीतून बाहेर कसे पडायचे तेच कळेना. 'क्यू' दाबायचा असतो.

ही नावे इतकी तोकडी का, असा प्रश्न आईला पडला. युनिक्सची सुरुवात 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. तेव्हा टेलिटाइप नावाच्या यंत्रावर टाइप करावे लागे आणि उत्तर कागदावर खडखडत छापून येई. तिथे प्रत्येक अक्षराला वेळ लागायचा. गप्प राहण्याची सवयही त्या काळाला साजेशीच. 'सीपी'ने फाइलची नक्कल केली तर युनिक्स 'झाले' असे म्हणत नाही. आम्ही तीच नक्कल तीनदा केली, मग समजले की काही बोलले नाही म्हणजे काम झाले.

हळूहळू धीर आला. गिऱ्हाइकांचा हिशेब एका साध्या फाइलमध्ये होता. 'ग्रेप'ने 'बाकी' हा शब्द असलेल्या ओळी काढल्या, मध्ये पाइपची उभी रेघ दिली आणि पुढे 'डब्ल्यूसी'ला ओळी मोजायला सांगितले. सतरा! वही चाळून इतक्या लवकर हे कधी कळले नव्हते.

त्याच भरात घात झाला. एका फोल्डरमध्ये जुने, दोनदा आलेले फोटो होते आणि दादींच्या आवाजातली चौदा रेकॉर्डिंग होती. खिम्याला आधी काय घालायचे, शीरखुर्म्यात खारीक कधी टाकायची, असे दादी बोलत बसायच्या. आता त्या नाहीत. फक्त फोटो पुसायचे म्हणून आम्ही 'आरएम', मग स्टार, मग 'डॉट जेपीजी' लिहिले. स्टार आणि डॉट यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. युनिक्सने त्याचे दोन अर्थ घेतले: इथल्या सगळ्या फाइल पुसा, आणि 'डॉट जेपीजी' नावाचीही एक पुसा. पहिले काम त्याने न बोलता केले. दुसऱ्याबद्दल मात्र, अशी फाइल नाही, अशी तक्रार केली. ती एवढी एकच ओळ पडद्यावर आली. 'आरएम'ने पुसलेले कचरापेटीत जात नाही, जातेच.

बराच वेळ कोणीच बोलले नाही. कोणाच्या बोटाने स्पेस पडली हे आम्ही आजही एकमेकींना विचारत नाही.

आता आमचा नेम असा. 'आरएम' लिहिण्याआधी तिथे 'एलएस' लिहून तीच ओळ चालवायची. जी यादी दिसते तीच पुसली जाणार असते. त्या रात्री एवढे केले असते तर रेकॉर्डिंगची नावे समोर आली असती. दुसरे, 'आरएम'पुढे वजा चिन्ह आणि 'आय' जोडायचे, म्हणजे ते प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारते. आणि एंटर दाबण्यापूर्वी दुसरीने ओळ मोठ्याने वाचायची, स्पेससकट.

सोलापूरच्या फुफींना पूर्वी पाठवलेली पाच रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाईलमध्ये निघाली. ती आता लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि फुफींकडे आहेत. शीरखुर्म्याचे त्यांत आहे, खिम्याचे नाही.