हायवेला गार, सिग्नलला गरम

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांची तक्रार माझ्या फार आवडीची आहे. मुंबईला येताना हायवेवर एसी मस्त गार. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की पाच मिनिटांत तोंडावर कोमट वारा. रस्ता मोकळा झाला की पुन्हा गार. दोनदा गॅस भरून झाला, आणि दुसऱ्यांदा भरल्यावर त्रास उलट वाढला.

वाढणारच! कंडेन्सरमध्ये दाबाखालचा तापलेला गॅस उष्णता टाकून द्रव होतो. ती उष्णता उचलायला वारा लागतो. ताशी 80 च्या वेगात तो जाळीतून फुकट येतो. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा ढेपाळला की दाब चढत जातो आणि शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्यात आणखी गॅस कोंबला तर दाब अजूनच लवकर चढतो.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी बॉनेट उघडा. इंजिन चालू, एसी फुल. काही गाड्यांत पंखा थांबून थांबून लागतो, तेव्हा जरा धीर धरा. फिरलाच नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले. त्याच नंबरचा दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा असतो, तो काढून तिथे लावला की दोष रिलेत आहे का ते कळतं. हात मात्र जपून. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो. ओढणी किंवा गळ्यातला रुमाल आत लोंबता कामा नये.

पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ब्रश झिजलेली मोटर फिरते, पण वारा ओढत नाही. वर्तमानपत्राचं पान ग्रिलसमोर धरा, चिकटायला हवं. ओळखीच्या एका गॅरेजात ते चिकटायच्या ऐवजी फडफडत बाहेर आलं. मोटर बदलताना कुणीतरी वायरी उलट जोडल्या होत्या, त्यामुळे पंखा हवा पुढे फेकत होता. मालक बिचारे नवा कॉम्प्रेसर घ्यायला निघाले होते!

पंखा ठणठणीत असेल तर उभ्या गाडीच्या कंडेन्सरवर पुढून बाटलीभर पाणी सोडून बघा. गारवा लगेच परतला तर वाऱ्याची वाट तुंबलीय असं समजा. माती, किडे, कधी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत अडकलेला कचरा. साध्या नळाच्या पाण्याने धुवायचं. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने फिन्स आडव्या होतात, मग वाट कायमचीच बंद.

नाशिककरांना एक जादा काम आहे. त्यांच्या गाडीत आता बहुधा जास्तीचा गॅस आहे. पंखा दुरुस्त झाल्यावर सगळा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिले असतील तितकाच वजनाने भरून घ्यावा. नुसतं गेज लावून अंदाजाने भरणाऱ्याकडे जाऊ नये. आणि ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटाही चढत असेल, तर एसी बंद करून गाडी थेट मेकॅनिककडे न्यावी. बऱ्याच गाड्यांत हाच पंखा रेडिएटरलाही वारा देतो.