शिवडीहून खडकीला: दोन परिचारिकांची गोष्ट

डिचोली-पेडण्याची माणसं पोटापाण्यासाठी मुंबई गाठायची, त्याच मुंबईत १९१६ पासून ऑस्ट्रेलियन सैन्याच्या परिचारिका उतरू लागल्या. पाचशेच्या वर आल्या. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी आणि आजारी सैनिक बसऱ्याहून इस्पितळ-बोटींनी मुंबईला यायचे. त्यांची शुश्रूषा कुलाब्याच्या लष्करी इस्पितळात, व्हिक्टोरिया वॉर हॉस्पिटलात, देवळालीलाही चाले.

आघाडी हजारो मैल लांब, इथं गोळी कुठली लागणार? पण कॉलरा होता ना! ऑगस्ट १९१६ मध्ये एमी ओ'ग्रेडी आणि कॅथलीन पॉवर लागोपाठ गेल्या. युद्ध संपल्यावर बाकीच्या बहुतेकजणी मायदेशी परतल्या. या दोघी शिवडीच्या दफनभूमीतच राहिल्या.

पुढं तिथल्या युद्धकाळातल्या थडग्यांची नीट देखभाल होईना. म्हणून एप्रिल १९६२ मध्ये (गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते) शिवडीतल्या ६२९ जणांचे अवशेष पुण्याजवळ खडकीला हलवले गेले. तिथल्या वॉर सिमेटरीत १९१४-१८ चं स्मारक आहे. दोघींची नावं त्यावर आहेत. पुण्याला गेलात तर वाट वाकडी करून जरूर पाहा. मात्र अठराशेंहून अधिक नावांत ती शोधावी लागतात.